कुलकुलांच्या मापाची डबी

नाताळच्या कार्डांना हात घालायचा तो दिवाळीचा कंदील खाली उतरल्यावरच. पावसाळाभर ठाण्याच्या दमट हवेत कागद मऊ पडलेला असतो. घडी नीट बसत नाही, गोंद लवकर सुकत नाही आणि रात्री सपाट ठेवलेली शीट सकाळी कडेने उचललेली दिसते. नोव्हेंबर निम्मा सरला की हवा कोरडी होते, कागद झटकला की खणखणीत वाजतो. मग मी जेवणाचं टेबल मोकळं करते, कटिंग मॅट पसरते आणि कटरला नवीन पातं लावते.

यंदाचं काम खालच्या मजल्यावरच्या आंटींचं होतं. आम्ही ठाण्यातल्या चरईत राहतो. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याच्या. घरात मराठी, प्रार्थनाही मराठीत. दर नाताळला त्यांच्याकडून ताट येतं: कुलकुल (तळलेले छोटे गोड शंख), नेवऱ्या म्हणजे करंज्या, मिल्क क्रीम ही दुधाची मिठाई, पेरूची चीज (पेरूच्या गराची वडी), वर क्रोशाचा रुमाल. आपल्याकडे आलेलं ताट रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यात काहीतरी घालून ते खाली नेऊन देते. यंदा त्या म्हणाल्या, "अगं, आता इमारतीत ओळखीपेक्षा अनोळखीच जास्त झालेत. सगळ्यांना ताटं कुठून पुरवू? छोट्या छोट्या डब्या करून देशील का? आणि वसई, उत्तन, गोराईला पाठवायला कार्डंही. बाजारात मिळतात, पण सगळ्यांवर बर्फ आणि घसरगाडी. आमचं चर्च कुठे असतं त्यावर?"

डब्या साठ आणि कार्डं चाळीस असं ठरलं. मी लगेच हो म्हटलं, कारण चर्च कसं काढायचं ते ऐकताऐकताच डोळ्यांपुढे यायला लागलं होतं.

माझे वडील बुकबाइंडर होते. कागद हातात घेतला की आधी तो वाकवून बघायचा, ही सवय त्यांची. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. कागद दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा, मग फिरवून दुसऱ्या बाजूने वाकवा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, ग्रेन त्या वाकाला समांतर. जाड कागदाची घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर ती सुरीने ओढल्यासारखी सरळ येते. आडवी घातली तर तंतू मोडतात, रंगीत शीट असेल तर घडीवर पांढरी चीर दिसते. हाताने केलेली अनेक कार्डं कच्ची दिसतात त्यात चित्राचा दोष क्वचितच असतो. घडी आडवी गेलेली असते, आणि मग वर कितीही रिबिनी चिकटवल्या तरी ते लपत नाही.

म्हणून कार्डाचं माप मी सजावटीवरून ठरवत नाही, कागदावरून ठरवते. २५० जीएसएमच्या, म्हणजे जाड, ए४ शीटमध्ये ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. ही शीट मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं की घडी ग्रेनला आडवी जाते. तीच शीट आधी कापून दोन ए५ केले आणि मग प्रत्येकाची घडी घातली, की घडी आपोआप ग्रेनच्या वाटेने येते आणि हातात ए६ कार्ड येतं. पान १४८ बाय १०५ मिलिमीटर. त्याला ११४ बाय १६२ चं सी६ पाकीट बरोब्बर बसतं.

पोस्टाच्या बाजूनेही हेच माप सोयीचं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे २५० जीएसएमची ए४ शीट १५.६ ग्रॅम भरते, ए५ तिच्या निम्मी, ७.८. साध्या पत्राच्या दराची पहिली पायरी २० ग्रॅमची. मोठं कार्ड पाकिटासह ती पायरी ओलांडतं, आत काही चिकटवायच्या आधीच. छोट्या कार्डात वरचं जाड आवरण, आत १२० जीएसएमचा दुसरा कागद, चर्चचं चित्र आणि पाकीट एवढं सगळं धरूनही काटा सोळाच्या आसपास थांबतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर मी पहिलं कार्ड तोलून बघितलं आणि मगच पुढची शीट कापायला घेतली.

नाताळच्या कार्डाचं आणि पोस्टाच्या वजनाचं नातं तसं जन्मापासूनचं. इंग्लंडमध्ये १८४० साली अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एकच पेनी असा दर आला. त्या सुधारणेसाठी खपलेल्यांपैकी एक हेन्री कोल. याच कोल यांनी १८४३ मध्ये चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून नाताळच्या शुभेच्छांचं चित्र काढून घेतलं आणि लंडनमध्ये ते छापून विकायला ठेवलं, एक शिलिंगला एक. विकायला आलेलं पहिलं नाताळ कार्ड ते हेच मानतात. चित्राच्या मध्यभागी एक कुटुंब हातात पेले घेऊन बसलेलं, आणि दोन्ही अंगांना भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसं. रेषा छापलेल्या, पण रंग मात्र माणसांनी हाताने भरलेला. हे मी आंटींना सांगितलं तेव्हा त्यांना त्या दोन अंगांच्या चित्रांचं जास्त कौतुक वाटलं.

कागदासाठी मी जांभळी नाक्यावर फिरले आणि रंगीत मोठ्या शीटसाठी मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले. चाळीस कार्डांपुरता पांढरा कागद ठाण्यातच घ्यावा, त्यासाठी सीएसएमटी गाठण्यात अर्थ नाही. पण लाल आणि हिरव्याच्या बारीक बारीक छटा, एकाच गठ्ठ्यातल्या, हात लावून निवडायच्या असतील तर मुंबईला पर्याय नाही. मी बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा घेतला आणि कुंकवाकडे झुकणारा लाल. झगमगीत मेटॅलिक शीट दुकानदाराने पुढे केली होती. ती दुमडली की वरचा थर तडकतो, डब्यांच्या कामाची नाही. शीट गुंडाळून देऊ नका, असंही दुकानात आवर्जून सांगावं लागतं. एकदा भेंडोळी झाली की कागद दोन दिवस वजनाखाली ठेवला तरी वाक सोडत नाही. मी दोन पुठ्ठ्यांमध्ये शीट सपाट बांधून घेतल्या आणि दुपारच्या रिकाम्या स्लो लोकलने परत आले.

आता कार्ड. आधी घडीची रेघ पाडायची. त्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन सगळ्यात चांगलं. स्टीलची पट्टी घट्ट दाबून एकदाच, सलग, मध्यम जोराने ओढायचं. कागद कापायचा नाही, त्यात नाली पडली पाहिजे. मग घडी घालायची ती नालीच्या विरुद्ध अंगाला, म्हणजे उठलेला उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला जाईल अशी. यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण मनाला उलटं वाटतं. त्यानंतर वडिलांची बांबूची गुळगुळीत पट्टी घडीवरून फिरवते. मध्ये एक पातळ कागद ठेवते, नाहीतर गडद शीटवर चकाकी येते.

चर्च म्हणजे मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. सकाळी लवकर जाऊन मी दर्शनी भागाचं रेखाटन केलं आणि घरी येऊन त्यातल्या रेषा कमी करत गेले. साडेसात सेंटीमीटर उंचीच्या कागदात जितकं कापता येईल तितकंच ठेवायचं. आंटींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "खिडक्या नसल्या तरी चालतील, पण दार उघडं काढ. नाताळच्या रात्री दार बंद नसतं." मग मी दाराच्या दोन्ही झडपा तीन बाजूंनी कापून बाहेर वळवल्या आणि मागून पिवळ्या टिश्यूचा तुकडा लावला. कार्ड दिव्याखाली उघडलं की त्या दारातून पिवळा उजेड येतो.

हे चर्च कार्ड उघडल्यावर उभं राहतं. आतल्या १२० जीएसएमच्या कागदाच्या घडीवर दोन समांतर चिरा द्यायच्या, प्रत्येकी घडीच्या वर अडीच आणि खाली अडीच सेंटीमीटर. मधली पट्टी उलट्या दिशेने पुढे ढकलली की एक पायरी तयार होते. त्या पायरीच्या समोरच्या अंगावर चर्च चिकटवायचं. हिशेब फक्त एक: पायरीची खोली आणि चित्राची उंची यांची बेरीज पानाच्या उंचीपेक्षा कमी हवी. पान साडेदहा सेंटीमीटर, पायरी अडीच, म्हणजे चित्र आठच्या आत. जास्त झालं की कार्ड मिटल्यावर क्रूस बाहेर डोकावतो. आतला कागद बाहेरच्या आवरणाला चिकटवताना ग्लू स्टिक फक्त कडांना लावते. पायरीच्या मागे गोंद गेला तर ती उठत नाही. पाण्याचा पातळ गोंद इथे नकोच, मोठ्या भागावर लावला की कागदाला लाटा येतात.

मजकूर मी बोरूने लिहिला. आंटींनी तो मराठीतच हवा म्हणून सांगितलं होतं: "नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा", खाली सगळ्या घराची नावं. बोरूचा तिरपा कापलेला शेंडा देवनागरीला जसा लागू पडतो तसं कुठलंही स्केचपेन पडत नाही. उभी काठी जाड, शिरोरेषा सलग, आणि "शु" मधला उकार वळताना आपोआप बारीक होतो. गुळगुळीत कार्डशीटवर शाई वाळायला वेळ घेते, म्हणून लिहिलेली पानं रात्रभर उघडीच ठेवली.

खरा जीव मात्र डब्यांमध्ये गुंतला.

खाऊच्या डबीत गोंद नको, हे मी पहिल्यापासून धरून होते. वडिलांच्या कामात खळ असायची, मैद्याची, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात विषारी मोरचूद. ती खळ आम्हा मुलांना हात लावायला बंदी होती. आजचे गोंद वेगळे असतील, पण उघड्या पदार्थाशेजारी मला ते नकोत. बिनगोंदाची, नुसत्या घड्यांवर उभी राहणारी डबी म्हणजे जपानी मासू. जपानमध्ये तांदूळ मोजायचं चौकोनी लाकडी माप असतं, आपल्या पायली-शेरासारखं, त्याचं नाव मासू. कागदाची डबी त्याच आकाराची आणि त्याच नावाची.

चौरसाच्या दोन्ही मध्यरेषा घडीने पाडून घ्यायच्या. चारही कोपरे मध्यबिंदूला आणायचे. तयार झालेल्या छोट्या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेपर्यंत दुमडून उघडायच्या, मग उरलेल्या दोन तशाच. आता समोरासमोरचे दोन कोपरे उलगडायचे, आत दुमडलेल्या दोन भिंती उभ्या करायच्या आणि उलगडलेली जीभ भिंतीवरून आत वळवून तळाला टेकवायची. दुसरीही तशीच. चारही टोकं तळाच्या मध्यावर भेटतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. कोपरे मध्यावर आणताना मी केसभर फट सोडते. जाडसर कागदाची स्वतःची जाडी प्रत्येक घडीत खर्च होते, अगदी टोकाला टोक भिडवलं तर शेवटच्या भिंतीला फुगा येतो. कागद १२० ते १५० जीएसएमचा हवा. २५० चा कागद इथे ऐकत नाही आणि झेरॉक्सच्या पातळ कागदाची डबी दाबली जाते.

माप किती घ्यायचं हे कागद कापण्याआधी आंटींच्या स्वयंपाकघरात ठरलं. मासूच्या तळाची बाजू ही कागदाच्या बाजूच्या साधारण ०.३५ पट असते आणि उंची तळाच्या निम्मी. १५ सेंटीमीटरच्या कागदातून ५.३ ची डबी येते. वर्तमानपत्राची तशी एक डबी करून मी खाली नेली. आंटींनी मागच्या नाताळचा अंदाज सांगितला: एका घराला लहान वाटीभर कुलकुल आणि वर मिल्क क्रीमचा एक तुकडा. वाटीतले सगळे कुलकुल त्या डबीत मावले नसते. मी कागद-पेन्सिल घेऊन तिथेच बसले. मोठी शीट २२ बाय २८ इंच, म्हणजे ५५.९ बाय ७१.१ सेंटीमीटर. १५ चे चौरस तीन बाय चार, बारा निघतात आणि दोन्ही कडांना अकरा-अकरा सेंटीमीटर वाया. चौरस वाढवत नेला तर १७.७ पर्यंत बाराच राहतात: चार गुणिले १७.७ म्हणजे ७०.८, बसलं. त्याच शीटमधून, तेवढ्याच संख्येने, तळ ६.२ सेंटीमीटर आणि उंची तीनच्या वर अशी डबी. वाटीभर कुलकुल आरामात. झाकणासाठी १७.७ चा लाल चौरस, तळासाठी १७.३ चा हिरवा, म्हणजे झाकण अलगद बसतं, घट्टही होत नाही. साठ डब्यांना पाच लाल शीट आणि पाच हिरव्या. शीटच्या कडेला पावणेतीन सेंटीमीटरची पट्टी उरली, तिचे नावाचे टॅग झाले आणि बारीक कातरून थोडं क्विलिंगही, म्हणजे गुंडाळलेल्या कागदी पट्ट्यांची नक्षी.

सजावट म्हणून झाकणावर पांढऱ्या कागदाची एकच पंचकोनी चांदणी ठेवली, उठावदार घड्यांची, फोम टेपवर. चमकी वापरली नाही. ती बोटांवरून झाकणावर, झाकणावरून कुलकुलांवर जाणारच, आणि लहान मुलं ती खाणार. चमकी बहुतेक प्लॅस्टिकचीच असते.

तेलाची परीक्षा मी मुद्दाम घेतली. आंटींनी पहिला घाणा तळला, कुलकुल निथळून, कागदावर पसरून, पूर्ण गार झाल्यावर मी एका डबीत नुसतेच भरले आणि दुसऱ्या डबीत बटर पेपर घालून. सकाळपर्यंत पहिल्या डबीच्या हिरव्या तळावर गडद डाग उमटले होते, दुसरी जशीच्या तशी. बारा सेंटीमीटरचा बटर पेपरचा चौरस डबीत दाबला की तळ आणि चारही भिंती झाकल्या जातात. पेरूची चीज मात्र या डब्यांत ठेवलीच नाही. ती चिकट, तिला वेगळ्या पुड्या केल्या.

जवळच्या सहा घरांसाठी आंटींना काही निराळं हवं होतं. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यात अनेक वर्षांची आलेली कार्डं. जुन्या कार्डाच्या चित्राच्या पानाला चारही बाजूंनी अडीच सेंटीमीटरवर रेघ पाडून, कोपरे चिरून, भिंती उभ्या केल्या की देखणं झाकण होतं. चित्र बरोबर मध्यभागी येतं. याला गोंद लागतो, पण तो बाहेरच्या कोपऱ्यांतच राहतो आणि खाऊ आतल्या नव्या कागदाच्या तळात. नेहमीची पद्धत अशी की झाकणाला चित्राचं पान आणि तळाला मागचं पान वापरायचं. मी मागची पानं कापायला ठाम नकार दिला. त्यांवर अक्षरं होती: दिवंगत बहिणीचं, गल्फमध्ये असताना नवऱ्याने लिहिलेलं, कुठल्याशा पोराने पेन्सिलीने गिरवलेलं. चित्रं छापखान्यातली, ती कापावीत. हाताने लिहिलेलं कापू नये. आंटींनी ती पानं वाचत वाचत वेगळी लावली, मी त्यांना भोकं पाडून लाल रिबिनीने एकत्र बांधून दिलं. या कामाला वेळ सगळ्यात जास्त गेला, कारण प्रत्येक पानामागे एक माणूस होतं आणि त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय पुढचं पान हातात येत नव्हतं.

कार्डं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात टाकली. डब्या वीस तारखेनंतर भरल्या. कुलकुल आधी भरून ठेवले तर कुरकुरीत राहत नाहीत. आंटींच्या दोन सुना, मी आणि माझी लेक अशी रांग लावून बसलो: एकीने बटर पेपर दाबायचा, दुसरीने कुलकुल भरायचे, तिसरीने मिल्क क्रीम ठेवायचं, चौथीने झाकण. आंटी खुर्चीत बसून प्रत्येक टॅगवर नाव लिहीत होत्या. पाचव्या मजल्यावर नवीन आलेल्या कुटुंबाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. लेक वर जाऊन दार वाजवून विचारून आली.

नाताळच्या दिवशी सगळ्या घरांना डब्या गेल्या. आमच्याकडे मात्र ताटच आलं, क्रोशाच्या रुमालासकट. ते परत करायचं आहे संक्रांतीला, तिळगुळासह, आणि आंटींनी आता इमारतीभर तिळगुळ वाटायचंही मनावर घेतलंय. तिळाच्या लाडवाला लहान डबी पुरते. हिशेब करून ठेवला आहे: १४ चे चौरस घेतले तर एका शीटमधून पंधराच निघतात, १३.९ चे घेतले तर वीस.